शनीचे कान, गुरूचे चार ठिपके आणि प्लस एक नंबरची काच

पिंपळपार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज बसलोच.

डिसेंबरात चष्म्याच्या दुकानात गेलो आणि म्हटलं प्लस एक नंबरची काच द्या, गोल आहे तशीच द्या, फ्रेमसाठी कापू नका. दुकानदाराने दोनदा विचारलं की एकच का, दुसऱ्या डोळ्याला काय नंबर. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कौतुकाने काच पुसूनबिसून कागदात बांधून दिली. प्लस एक म्हणजे नाभीय अंतर (काच किरण जिथे एकत्र आणते तिथपर्यंतचं अंतर) बरोबर एक मीटर. मागे बसवायला घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते पाचपटीचं भिंग, त्याचं पाच सेंटीमीटर, म्हणजे शंभर भागिले पाच, वीसपट. तीन इंची पीव्हीसी पाइप, आतून काळा चार्टपेपर, काच सैल बसते म्हणून कडेने फोमची पट्टी, आणि पुढे पुठ्ठ्याची चकती, तिला मधे अडीच सेंटीमीटरचं भोक. झाली दुर्बीण.

वीसपटच का, तर गॅलिलिओची साधारण तेवढीच होती म्हणून. फ्लॉरेन्सच्या म्युझियममध्ये त्याच्या दोन दुर्बिणी आहेत, त्यातल्या एकीच्या पुढच्या काचेचं नाभीय अंतर ९८ सेंटीमीटर आहे आणि ती २१ पट मोठं दाखवते. काच ३७ मिलिमीटरची, पण कडेला ती इतकी खराब की त्याने झाकून फक्त मधला १५ मिलिमीटर भाग वापरला. त्याचं मागचं भिंग अंतर्गोल होतं म्हणून त्याला सुलट दिसायचं, मला उलटं दिसतं. पण त्याला एका वेळी अर्धा चंद्रसुद्धा मावायचा नाही, इतकी बारीक खिडकी. त्या खिडकीत गुरू पकडायचा, हाताला धक्का न लावता. मला पहिल्या रात्री गच्चीवर वीस मिनिटं लागली नुसता गुरू सापडायला, पाइप शिडीला सुतळीने बांधला होता तरी. यंदा गुरू मिथुनेत आहे, ठळक आहे, दुसरं इतकं ठळक काही शेजारी नाही, तरी वीस मिनिटं!

आणि मग तो आला. जांभळी किनार असलेली एक पिवळट टिकली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत ठिपके. उजवीकडे तीन, डावीकडे एक. मी इतके फोटो बघितलेत आयुष्यात पण अंगावर काटा आला, खरंच सांगतो.

मग ठरवलं की रोज बघायचं आणि वहीत काढून ठेवायचं, त्याने काढलं तसं. त्याने काय केलं ते आधी सांगतो कारण मला जे म्हणायचंय ते त्यातच आहे.

१६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्गच्या लिपरशे नावाच्या चष्मेवाल्याने दुर्बिणीच्या पेटंटसाठी अर्ज केला, ती बातमी पुढच्या वर्षी इटलीत पोचली. गॅलिलिओ तेव्हा पदुआला शिकवत होता. १६०९ च्या नोव्हेंबरात आलेल्या एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने लिहिलेली बाजाराची यादी आजही आहे. मुलासाठी सपाता आणि टोपी, मसूर, पांढरे चणे, तांदूळ, बेदाणे, साखर, मिरी, आणि त्याच यादीत तोफेचे गोळे, ऑर्गनची कथलाची नळी, घासलेली जर्मन काच, आरशाचे तुकडे. तोफेचे गोळे काच घासून अंतर्गोल भिंग करायला! किराणा आणि दुर्बीण एकाच कागदावर. ही यादी मी कितीतरी वेळा वाचलीये.

७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूजवळ तीन बारके तारे दिसले, दोन पूर्वेला, एक पश्चिमेला. त्याला वाटलं मागचे साधे तारे. दुसऱ्या दिवशी तिन्ही पश्चिमेला. आता गुरू तेव्हा वक्री होता, पश्चिमेकडे सरकत होता, म्हणजे तारे पूर्वेला मागे पडायला हवे होते, आणि झालं नेमकं उलटं. त्याच्या मनात आधी काय आलं, तर आपली पंचांगं चुकली असतील, गुरू मार्गी असेल, म्हणजे पूर्वेकडे सरकत असेल. ९ ला ढग. १० ला दोनच दिसले आणि दोन्ही पूर्वेला. तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला की सरकतायत ते हे तारे. १३ ला पहिल्यांदा चार दिसले. आणि १३ मार्चला व्हेनिसमध्ये या निरीक्षणांचं पुस्तक छापून तयार, ५५० प्रती. पासष्ट दिवसांत!

पहिल्या रात्री तीनच का दिसले, तर दोन चंद्र इतके जवळ होते की त्याच्या काचेत ते एकच वाटले. म्हणजे काच अपुरी होती. पहिल्या रात्री उठून जो कोणी "मला गुरूजवळ तीन तारे दिसले" म्हणाला असता तो चुकलाच असता. शोध लागला तो आठ तारखेला आणि दहा तारखेला, पुन्हा बघितलं आणि पटत नव्हतं ते तसंच लिहून ठेवलं म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या काळातले बरेच मोठे शोध असे "दुसऱ्या रात्रीचे" आहेत.

याच्या उलट उदाहरण शनी. जुलै १६१० मध्ये त्याच गॅलिलिओला शनी तीन गोळ्यांचा दिसला, मधे मोठा, दोन बाजूंना दोन लहान, चिकटलेले. त्याने शोध आपल्या नावावर राहावा म्हणून ३७ अक्षरांची उलटीपालटी ओळ करून पाठवली. (जर्मन खगोलज्ञ केप्लरने ती सोडवली आणि चुकून अर्थ लावला की मंगळाला दोन चंद्र आहेत. मंगळाला दोन चंद्र खरंच आहेत, पण ते सापडले १८७७ मध्ये!) १६१२ च्या शेवटी बघतो तर बाजूचे गोळे गायब. नुसता गोल शनी. तो पार हादरला. रोमन पुराणातला सॅटर्न आपलीच पोरं गिळतो, तर तसंच झालं की काय असं त्याने पत्रात लिहिलं. पुन्हा दिसतील असं भाकीतही केलं, ते दिसले, १६१६ मध्ये त्याने शनीला दोन कान काढले, कपाच्या कानासारखे. पण म्हणजे ते नक्की आहे काय, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही.

तुम्हाला माहीत असलेले असे किस्से लिहा ना. मोठ्या वेधशाळांच्या आधीचे, वाकड्या काचांचे.

कृत्तिका२७

किती सुंदर लिहिलंय. किराण्याची यादी माहीतच नव्हती.

माझ्या नावामुळे मला एक सांगायलाच हवं, त्याच पुस्तकात त्याने कृत्तिका पण काढल्यात. साध्या डोळ्यांना सहा दिसतात, फार तर सात, त्याने छत्तीस तारे काढले. मृगाचा पट्टा आणि तलवार यांच्या आजूबाजूला त्याने ऐंशी नवीन तारे मांडले आणि तिथेच थांबला कारण अख्खं नक्षत्र काढणं त्याच्या आवाक्याबाहेर होतं. मला यातलं हे "थांबणं" फार आवडतं, म्हणजे तारे संपेचनात.

जुनी_सायकल

लेख चांगला आहे पण सगळं श्रेय गॅलिलिओला देण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागलीये. इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियटने त्याच्या आधी, जुलै १६०९ च्या शेवटी, सहापट दुर्बिणीतून चंद्राचं चित्र काढलं होतं, त्यावर तारीख आहे. गुरूचे चंद्र जर्मनीत सिमॉन मारिउसनेही स्वतंत्रपणे बघितले, आणि आज आपण आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो म्हणतो ती नावं मारिउसच्या पुस्तकातून आलेली आहेत. सूर्यावरच्या डागांवर पहिलं छापील पुस्तक १६११ मध्ये योहान्नेस फाब्रिसिउसचं. हे सगळे लोक तेवढ्याच वाकड्या काचा घेऊन बसले होते.

पिंपळपार (धागाकर्ता)

जुनी_सायकल, तुमचं बरोबर आहे आणि ही नावं मीच घ्यायला हवी होती.

पण हॅरियटचं ते पहिलं चित्र नीट बघा. अर्धगोल आणि मधे एक वेडीवाकडी रेघ, काही डाग. विवरं नाहीत. पुढच्या वर्षी, गॅलिलिओचं पुस्तक येऊन गेल्यावर, त्याच हॅरियटच्या चित्रांत विवरं दिसायला लागतात. चंद्र तोच आहे. गॅलिलिओला चित्रकला येत होती, उजेड-सावलीचा त्याचा हात तयार होता, त्यामुळे अंधाऱ्या बाजूला एकटेच चमकणारे ठिपके बघून त्याला कळलं की ही डोंगराची शिखरं, सूर्य उगवताना आधी शेंडा उजळतो तसं. सह्याद्रीत पहाटे गड चढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल, खाली दरीत अंधार आणि वर बुरुजावर ऊन. मग त्याने त्या ठिपक्याचं उजेडाच्या रेषेपासूनचं अंतर मोजून डोंगराची उंची काढली, चार मैलांहून जास्त.

म्हणजे डोळा आधीपासून तयार असावा लागतो. हॅरियट गणितात त्याच्यापेक्षा कमी नव्हता.

धुक्यातला_पूल

मी मँचेस्टरला असतो, इथून तासाभरावर मच हूल नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या चर्चमध्ये जेरेमाया हॉरॉक्सच्या नावाची रंगीत काचेची खिडकी आहे. मी मुद्दाम गेलो होतो बघायला. हा माणूस माझ्या मते सगळ्यात भारी, आणि याला आपल्याकडे फार कोणी ओळखत नाही म्हणून जरा लांबड लावतो.

१६३९. हॉरॉक्स विशीतला पोरगा. केप्लरच्या कोष्टकांनुसार त्या वर्षी शुक्र सूर्यासमोरून जाणार नव्हता, थोडक्यात चुकणार होता. याने स्वतः आकडेमोड केली आणि अधिक्रमण होणार हे त्याला कळलं कधी, तर जेमतेम महिनाभर आधी. सांगितलं कुणाला, तर मित्राला, विल्यम क्रॅबट्रीला, तो सॅलफर्डजवळ राहायचा, कापडाचा व्यापारी. दिवस होता तिथल्या तेव्हाच्या कॅलेंडरने २४ नोव्हेंबर, आपल्या आजच्या हिशोबाने ४ डिसेंबर, रविवार, आणि लँकेशायरचा हिवाळा म्हणजे ढग, मी इथे राहतो मला विचारा.

त्याने अंधाऱ्या खोलीत दुर्बिणीतून सूर्य कागदावर पाडला. कागदावर सहा इंच व्यासाचं वर्तुळ आखलेलं, कडेने अंश. सकाळपासून बघतोय. मधे त्याला उठून जावं लागलं, त्याहून महत्त्वाच्या कामासाठी असं तो लिहितो, चर्चचं काम असणार. सव्वातीनला परत आला, ढग बाजूला झाले आणि वर्तुळात काळा गोल ठिपका नुकताच पूर्ण आत आलेला. सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास. त्या अर्ध्या तासात त्याने तीन वेळा मोजमाप घेतलं. क्रॅबट्रीला सूर्यास्ताच्या तोंडावर काही मिनिटंच मिळाली आणि तो इतका भारावला की नीट मोजायचंच राहिलं.

जगात त्या दिवशी हे बघितलं असं माहीत असलेली माणसं दोन. शुक्राचा आकार लोकांना वाटत होता त्याहून खूपच लहान निघाला, आणि त्यावरून हॉरॉक्सने सूर्याचं अंतर साधारण साडेनऊ कोटी किलोमीटर मांडलं. खरं पंधरा कोटी आहे, पण त्याच्या आधीचे लोक फारच कमी धरत होते. ४ जानेवारी १६४१ ला तो क्रॅबट्रीला भेटायला जाणार होता. आदल्याच दिवशी वारला. वय २२. त्याचं लिखाण छापलं गेलं १६६२ मध्ये, तेही डान्झिगच्या (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) हेवेलिउस या खगोलज्ञाने छापलं म्हणून.

२०१२ चं शुक्राचं अधिक्रमण तुमच्यापैकी कोणी बघितलं असेल तर तो ठिपका आठवा, आणि आता पुढचं २११७ मध्ये.

रानजाई

हॉरॉक्सचं वाचून गळा दाटला. २२ वर्षं!

२०१२ ला आमच्याकडे ६ जूनला सकाळी पावसाळी ढग होते, मधे पाच-सात मिनिटं दिसलं, तेवढ्यासाठी अख्खी सोसायटी गच्चीवर जमली होती.

एक शंका, गॅलिलिओ दुर्बिणीतून सूर्य बघून आंधळा झाला असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं, ते खरं का?

त्रिज्या

रानजाई, नाही. डाग बघायला तो पण सूर्य कागदावरच पाडायचा, ती पद्धत त्याच्या शिष्याने, कास्टेल्लीने, बसवली. त्याची दृष्टी गेली १६३८ च्या सुमारास, वय ७४, म्हणजे डागांच्या निरीक्षणानंतर पंचवीस वर्षांनी, आणि कारण म्हातारपणातले डोळ्याचे आजार.

पण धागा वाचून कोणी पाइप बांधायला घेणार असेल तर हात जोडून सांगतो, सूर्याकडे तो पाइप वळवून डोळा लावायचा नाही, एक सेकंदसुद्धा नाही, काळी फिल्म लावून नाही, एक्सरेचा कागद लावून तर अजिबात नाही. डोळ्याच्या आत दुखत नाही, त्यामुळे जळतंय हे कळतच नाही. कागदावर पाडा आणि मुलं आजूबाजूला असतील तर पाइप सोडून जाऊ नका.

मांडवीकाठ

जुन्या गोव्याचा संबंध कोणीच आणला नाही म्हणून लिहितो.

१६१८ मध्ये लिस्बनहून एक जहाज निघालं, त्यात चीनला निघालेले जेझुइट पाद्री होते, ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले. त्यात योहान श्रेक होता, गॅलिलिओ रोममधल्या ज्या लिंचेई या विद्वानांच्या अकादमीचा सभासद त्याच अकादमीचा हा पण सभासद. आणि एक होता किर्वित्झर, बोहेमियाचा. पुढच्याच महिन्यात आकाशात धूमकेतू दिसले, तेच ज्यांच्याबद्दल जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. किर्वित्झर आणि सोबत्यांनी गोव्यातून त्यांची निरीक्षणं केली, त्यांच्याकडे दुर्बीण होती, आणि १६२० मध्ये किर्वित्झरची पुस्तिका युरोपात छापून आली. भारतात आकाशाकडे दुर्बीण लावल्याची ही पहिली नोंद मानतात.

म्हणजे पदुआतल्या त्या रात्रीनंतर नऊ वर्षांत दुर्बीण मांडवीच्या काठाला! आणि गंमत अशी की तेच धूमकेतू आले तेव्हा गॅलिलिओ स्वतः आजारी होऊन अंथरुणाला खिळलेला, त्याला नीट निरीक्षण करताच आलं नाही. मी रोज कामाला जाताना जुन्या गोव्यातल्या चर्चांवरून जातो, आता नोव्हेंबरात तिथून जाताना पूर्वेला बघितल्याशिवाय राहवत नाही.

पिंपळपार (धागाकर्ता)

मांडवीकाठ, काय माहिती दिलीत! याला जोडून आणि धुक्यातला_पूल यांच्या हॉरॉक्सला पण जोडून एक सांगतो, दोन्ही धागे सुरतेला येऊन मिळतात.

हॉरॉक्स गेल्यावर त्याचे कागद लँकेशायरमध्येच होते. ते ज्याने वाचले त्यातला एक जेरेमी शेकर्ली, तो पण त्याच भागातला, पैशाने गरीब. त्याने हिशोब केला की १६५१ मध्ये बुध सूर्यासमोरून जाणार, पण ते इंग्लंडमधून दिसणार नाही, आशियातून दिसेल. आणि हा माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या आसऱ्याने खरंच भारतात आला, आणि १६५१ मध्ये सुरतेहून बुधाचं अधिक्रमण बघितलं. त्याच्या आधी ते फक्त १६३१ मध्ये बघितलं गेलं होतं, तेव्हा पॅरिसहून फ्रेंच खगोलज्ञ गासेंदीने. पुढच्या वर्षी त्याने तिथून एक धूमकेतूही बघितला. मग काही वर्षांतच तो इथेच वारला असं मानतात.

आपल्याला सुरत म्हटली की १६६४ आठवते, महाराजांची स्वारी आठवते. त्याच्या तेरा वर्षं आधी त्याच सुरतेत एक परका माणूस उन्हात कागद धरून बुधाचा टिचभरसुद्धा नसलेला ठिपका शोधत बसला होता, हे मला कळलं तेव्हा मी उठून येरझाऱ्या घातल्या खोलीत.

त्रिज्या

आता शनीचं पुढे काय झालं ते राहिलंच की. पिंपळपार यांनी कानांपर्यंत आणून सोडलं.

गॅलिलिओनंतर पंचेचाळीस वर्षं प्रत्येकजण शनीचं वेगळं चित्र काढत होता. कुणाचा तीन गोळ्यांचा, कुणाचा दोन कड्या लावलेल्या हंडीसारखा, कुणाचा अंड्यासारखा. डच शास्त्रज्ञ हॉयगन्सने पुढे आपल्या पुस्तकात या लोकांची तेरा चित्रं एका पानावर छापली, ते पान बघण्यासारखं आहे. कारण त्यातलं एकही चित्र खोटं नाही, ज्याला जे दिसलं ते त्याने काढलं.

हॉयगन्स आणि त्याचा भाऊ स्वतः काचा घासायचे. १६५५ च्या मार्चमध्ये, बारा फुटी दुर्बीण, पन्नासपट, तिच्यातून त्याला शनीजवळ एक ठिपका दिसला जो सोळा दिवसांत फेरी मारतो. शनीचा चंद्र टायटन. आणि गंमत म्हणजे त्या सुमारास कान बारीक होत होत दिसेनासे झाले होते, म्हणजे बघायला काही नव्हतंच, आणि नेमका तेव्हाच त्याने विचार केला: शनीभोवती सगळं एकाच पातळीत फिरतंय, मग बाजूचं हे जे काही आहे ते पातळ, सपाट कडं असेल, शनीला कुठेही न टेकलेलं आणि कललेलं, तर सगळी तेरा चित्रं एकाच वस्तूची होतात. आडवं आलं की गायब, कललं की कान. १६५९ मध्ये ते पुस्तक आलं.

कल साधारण २७ अंश, फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणून दर पंधराएक वर्षांनी कडं आपल्याला कडेवरून दिसतं. रुंदी दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर आणि जाडी बहुतेक ठिकाणी जेमतेम दहा-वीस मीटर, मग दिसणार काय! २००९ ला झालं, २०२५ च्या मार्चमध्ये झालं.

दुसरं, कोणीतरी विचारेलच म्हणून, दुर्बिणी इतक्या लांब का करायचे. एका काचेतून रंग फुटतात, पिंपळपार यांना गुरूला जांभळी किनार दिसली ती हीच. काच जितकी कमी फुगीर, नाभीय अंतर जितकं लांब, तितका हा त्रास कमी. मग काय, लांबवत गेले. हेवेलिउसने डान्झिगला ४६ मीटर लांबीची केली, उंच खांबाला दोरखंडांनी टांगलेली, वारा सुटला की अख्खी हलायची. हॉयगन्सने तर पुढे नळीच काढून टाकली, काच उंच खांबावर, डोळ्याचं भिंग खाली हातात, मधे ताणलेली दोरी. अंधारात त्या दोरीच्या टोकाला उभं राहून शनी धरायचा.

आणि अशाच लांब दुर्बिणींतून कॅसिनी या खगोलज्ञाने पॅरिसच्या वेधशाळेतून १६७१ मध्ये शनीचा आणखी एक चंद्र शोधला, आयापीटस. त्याची गोष्ट धाग्याच्या मुद्द्याला तंतोतंत लागू पडते. तो शनीच्या पश्चिमेला असला की दिसायचा, पूर्वेला गेला की नाहीसा. दर फेरीला तेच. दुसरा कोणी म्हणाला असता की माझी काच खराब. कॅसिनीने अर्थ लावला की या चंद्राची एक बाजू काळी आहे आणि तो शनीला कायम एकच तोंड दाखवत फिरतो. १७०५ मध्ये, जास्त चांगल्या दुर्बिणीतून, त्याला तो पूर्वेलाही दिसला, अगदी मंद. चौतीस वर्षं तो एका न दिसणाऱ्या ठिपक्याच्या मागे होता. यान तिथे गेल्यावर फोटो आले, एक बाजू डांबरासारखी, दुसरी बर्फासारखी.

जुनी_सायकल

आयापीटसचं जबरदस्त. मग डॅनिश खगोलज्ञ रोमरचंही लिहा कोणीतरी, तो तर पॅरिसच्या त्याच वेधशाळेतला.

नाहीतर मीच थोडक्यात लिहितो. आयो दर साडेबेचाळीस तासांनी गुरूच्या सावलीत शिरतो, घड्याळ लावावं इतका नेमका. पण पृथ्वी गुरूपासून लांब जात असली की ग्रहणं उशिरा उशिरा होतात आणि जवळ येत असली की लवकर. १६७६ मध्ये रोमरने सांगितलं की नोव्हेंबरातलं ग्रहण दहा मिनिटं उशिरा दिसेल, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला बावीस मिनिटं असं त्याने धरलं, खरी साडेसोळाच्या आसपास. आकडा चुकला पण प्रकाशाला वेग आहे हे त्या चार ठिपक्यांतल्या एकाने सांगितलं. वेधशाळेचा प्रमुख कॅसिनी, आयापीटसच्या बाबतीत इतकी चिकाटी दाखवणारा, त्याला हे पटलं नाही. मला याचं वाईट वाटतं.

कृत्तिका२७

आणि उलट बाजू पण आहे ना, दुसऱ्या रात्री न बघितल्यामुळे हुकलेलं. १६१२ च्या २८ डिसेंबरला गुरूचे चंद्र काढताना गॅलिलिओने शेजारी एक "तारा" टिपला होता, जानेवारीत पुन्हा टिपला आणि तो सरकल्यासारखा वाटतोय अशी नोंदही केली. तो नेपच्यून होता! नंतर त्याने त्याचा पाठपुरावा केला नाही. नेपच्यून सापडला १८४६ मध्ये. वहीत २३४ वर्षं पडून होता.

सांजवात

सगळा धागा एका दमात वाचला, दोनदा. माझी लेक सातवीत आहे, तिला वाचून दाखवला, ती आता मागेच लागलीये. प्लस एकची काच मिळाली, घड्याळवाल्या काकांनी जुनं भिंग तसंच दिलं, पैसे घेतले नाहीत. पाइपही आणलाय. पुठ्ठ्याचं भोक खरंच इतकं लहान करायचं का हो? लेकीचं म्हणणं की मोठं केलं तर जास्त उजेड येईल. आणि शनी दिसेल का यातून?

पिंपळपार (धागाकर्ता)

सांजवात ताई, लेकीचं म्हणणं अगदी रास्त आहे, तिला दोन्ही करून बघू द्या. तीन चकत्या कापा, दीड, अडीच आणि चार सेंटीमीटरच्या. चारमधून उजेड जास्त येईल पण गुरू पिसारलेला आणि रंगीत दिसेल, दीडमधून स्वच्छ पण अंधुक. मधे कुठे बरं वाटतं ते तिचं तिने ठरवावं. गॅलिलिओने हेच केलं होतं.

शनीचं म्हणाल तर वीसपटमध्ये कडं म्हणून काही उलगडत नाही, आणि सध्या ते अगदी बारीकच आहे. मी नोव्हेंबरात एका आकाशदर्शनाला सहा इंची दुर्बिणीतून बघितला, लिंबातून सुई आरपार घालावी तसा दिसत होता. दोन-तीन वर्षांत कडं चांगलं उघडेल, तेव्हा या पाइपातून शनी लांबट दिसायला लागेल, कान असल्यासारखा. तिला आत्ताचा गोल शनी काढून ठेवायला सांगा, तेव्हा शेजारी ठेवून बघेल.

पाइप हातात धरू नका, शिडीला किंवा कपडे वाळत घालायच्या स्टँडला बांधा. आणि गुरू आधी लावा.

सांजवात

दिसले!! काल रात्री पावणेनऊला. मी आधी बघितलं, मग तिने, मग शेजारच्या आजींनी. आजी म्हणाल्या हे तुम्ही काचेवर काढलंय का. अडीचचीच चकती ठेवली शेवटी. तिने वहीत गोल काढला आणि ठिपके, पण तीनच आहेत, दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. चौथा कुठे गेला असं विचारतेय, रडवेली झालीये की आपली दुर्बीण चुकली.

पिंपळपार (धागाकर्ता)

तिला सांगा दुर्बीण चुकलेली नाही. चौथा गुरूच्या मागे असेल, पुढे असेल, सावलीत असेल, किंवा दोन चंद्र एकमेकांना खेटून एकच दिसत असतील. आज पावणेनऊलाच पुन्हा बघा आणि जमलं तर अकराला परत एकदा, आयो दोन-तीन तासांत सरकलेला कळतो. कालच्या चित्राला खोडरबर लावू देऊ नका, तीन दिसले तर तीनच राहू देत. शेजारी तारीख आणि वेळ लिहिलीये ना? डावं-उजवं उलटं आहे हेही एका कोपऱ्यात लिहून ठेवायला सांगा.